इथपर्यंत वाढून झालं

१ डिसेंबर १९९८, मंगळवार

आजपासून रोजनिशी. पहाटे साडेपाचला उठून मेहरूण तलावापर्यंत फिरणे, नंतर अर्धा तास इंग्रजी, चहा दिवसातून फक्त दोनदा. एक तारखेला सुरू केलेली कामं तडीस जातात, असा माझा अनुभव आहे. (आज उठायला आठ वाजले. पण निर्णयच मुळी साडेआठला घेतला, त्यामुळे आजचा दिवस धरायचा नाही.)

महत्त्वाचं म्हणजे 'ओटा' चालू झाला. गेले चार महिने मी जो प्रोग्रॅम लिहीत होतो, तो. माझ्या जळगावच्या क्लासमधली कॉम्प्युटरं आणि धुळे शाखेतली कॉम्प्युटरं, सगळ्यांनी टाइप करून एकमेकांशी गप्पा मारायच्या. दुपारी तासभर धुळ्याचा मोडेम इकडे फोन लावून ठेवतो आणि तिकडचं बोलणं इकडच्या मोठ्या मशिनमध्ये येऊन पडतं. कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं, सगळं एकाखाली एक. ज्याचं त्यालाच दिसेल असा खाजगी निरोपही लिहिता येतो. मुंबई-पुण्यात असं काही असेल तर असो. खान्देशात पहिलं.

उद्घाटनाचा निरोप धुळ्याहून आला. तिथला विद्यार्थी लोटन: हॅलो हॅलो, कोनी शे का तठे? (म्हणजे, कोणी आहे का तिथे?) ऐतिहासिक वाक्य म्हणून प्रिंट काढून ठेवली.

३ डिसेंबर, गुरुवार

फिरायला गेलो नाही. बुटाची नाडी तुटली आहे.

बोंडे मॅडमचा फोन. (हेमलता बोंडे, एम.सी.ए. धुळे शाखा त्याच बघतात. हुशार आहेत, पण सुधारणा सुचवायची फार सवय.) म्हणे, ओट्यात गडबड आहे. ओटा दहा-दहा निरोपांची पेजं दाखवतो. सगळ्यात नवे दहा पेज एकवर, त्याआधीचे पेज दोनवर. आता पेज एक वाचून दोनवर जाईपर्यंत वरून नवे निरोप आले, तर सगळे खाली सरकतात आणि वाचलेलेच परत दिसतात. मी म्हणालो, बरंच आहे, उजळणी होते. त्या म्हणाल्या, आणि कोणी आधी पेज दोन वाचलं, मग एक वाचलं, तर मधल्या वेळात पेज एकवरचे निरोप दोनवर सरकलेले असतात. ते कुठेच वाचले जात नाहीत. गळतात.

मी आधी दोन आणि मग एकच वाचतो. आधीचं आधी, नंतरचं नंतर. माझा एकही निरोप गळलेला नाही. गळला असता तर मला दिसला नसता का?

त्यांचा उपाय असा. पेज नंबर काढून टाकायचे. ओट्याने दहा निरोप दिले की सोबत एक टोकन द्यायचं. टोकन म्हणजे 'इथपर्यंत झालं' ही खूण. पुढच्या वेळी आपण तेच टोकन दाखवायचं, की ओटा तिथून पुढचं देतो. पुढे जायला एक टोकन, मागे जायला एक. वरून शंभर माणसं आली तरी खूण जागची हलत नाही. टोकनच्या आत काय आहे हे आपण बघायचं नाही, बदलायचं तर नाहीच. मिळालं तसं परत द्यायचं. आणि टोकन आलंच नाही, तर समजायचं की तिकडे आता काही उरलेलं नाही.

मी म्हणालो, विचार करतो. विचार केला. गरज नाही.

७ डिसेंबर, सोमवार

बोंडे मॅडमनी टोकनवाला प्रोग्रॅम स्वतःच लिहून फ्लॉपीवर पाठवला. धुळ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर. स्टँडवर जाऊन घेतली. ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. सवडीने बघू.

संध्याकाळी सुपडूमामा आले. आईचे धाकटे भाऊ. त्यांनी एक स्थळ आणलं आहे. मुक्ताईनगरचे निंबा नाना बोंडे, केळीच्या बागा, चांगलं घर. मुलगी एम.सी.ए. आहे, धुळ्याला मामांकडे राहते आणि कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासात शिकवते.

मी मामांना म्हणालो, तो कुठलासा क्लास माझा आहे.

रात्री झोप लागली नाही. गॅसेसमुळे असावं.

१० डिसेंबर, गुरुवार

हेमलताच्या (आता असं लिहायला हरकत नाही) सुधारणा सुचवण्याच्या सवयीचा आज नव्याने विचार केला. किती आस्था! दुसऱ्या कोणी कशाला चार दिवस बसून माझ्यासाठी प्रोग्रॅम लिहिला असता? ती बोलते तेव्हा आधी थोडं हसते, मग चूक सांगते. मला ती आवडते. फार आवडते. हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिण्यासारखं नाही.

मामांनी नानांची एक तऱ्हा सांगितली. जावई निवडायचा तर ते चहा-पोह्यांना येत नाहीत. पंगतीत येतात. मुलगा वाढतो कसा, ते बघतात. थोरल्या जावयाला त्यांनी कढी वाढताना पसंत केलं होतं म्हणे. म्हणून रविवारी वीस तारखेला असोद्याच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. नाना येणार. वाढणार मी.

आई म्हणाली, तुले घरात पाण्याचा तांब्या देता येत नाही नीट, तू काय वाढशीन. मी म्हणालो, ज्याने ओटा लिहिला त्याला पंगत काय अवघड आहे? आई म्हणाली, म्हनूनच भेव वाटते.

१५ डिसेंबर, मंगळवार

पंगतीचा प्लॅन कागदावर तयार. तत्त्व ओट्याचंच. दहा-दहा माणसांचा एक टप्पा. दहाजणांना पुरी आणि भरीत वाढायचं, परत चुलीशी जायचं, भरून आणायचं, पुन्हा पंगतीच्या टोकापासून दहा मोजायचे आणि अकराव्यापासून सुरू. कोणाच्या तोंडाकडे बघायची, ओळखी ठेवायची गरज नाही. नंबर चुकत नसतो. बाकीचे लोक मीठ, कांदा, मिरची वाढतील. पुरी-भरीत फक्त मी. दोन माणसांनी वाढलं की सिस्टीम बिघडते.

फिरायला गेलो नाही. नाडी आणली, पण लांबी कमी पडते.

१७ डिसेंबर, गुरुवार

दुपारी ओटा उघडला. नेहमीप्रमाणे आधी पेज दोन वाचलं. मग चहा. (दिवसातला चौथा. पण थंडी आहे.) परत येऊन पेज एक. तेवढ्यात लोटनने धुमाकूळ घातलेला. कोनी शे का. भाऊ. ओ भाऊ. काय चालनं. जेवनं का. कोनीच नही वाटतं. असे सहा ओळीने. या मुलाला समज दिली पाहिजे.

हेमलताचा एकच निरोप: प्रिंटरची रिबन संपली आहे.

बस, एवढंच. रविवार तीन दिवसांवर आला तरी कामाशिवाय शब्द नाही. याला म्हणतात संस्कार.

१८ डिसेंबर, शुक्रवार

हेमलताचा निरोप: कालचा निरोप वाचलात ना? दोन शब्दांत उत्तर दिलंत तरी चालेल. उद्यापर्यंत वाट बघते.

एका रिबनसाठी केवढी तळमळ! मी लगेच लिहिलं: वाचला. एवढी घाई कसली? रविवारनंतर बघू. सध्या याहून महत्त्वाची कामं आहेत.

थोड्या वेळाने तिचं उत्तर: बरं.

एका शब्दात समाधान झालं. अशी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.

१९ डिसेंबर, शनिवार

दिवसभर असोद्याला. ओटा उघडला नाही. वांगी बघितली, एक नंबर. हिरवीगार, पांढऱ्या रेषांची. केळीची पानं धुऊन मोजून ठेवली. मळ्यात रिकाम्या टोपल्यांवर वाढण्याचा सराव केला. सुपडूमामांनी विचारलं, पोरगी काही बोलली का तुझ्याशी? मी म्हणालो, आमचं सगळं ओट्यावर ठरतं. मामांना वाटलं, गावातल्या ओट्यावर. फार वेळ चिडले होते.

२० डिसेंबर, रविवार

अपूर्व यश. सविस्तर लिहितो.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या-लसूण ठेचून भरीत झालं, वर कांद्याची पात. वास शेजारच्या मळ्यापर्यंत. पंगतीत नाना मधोमध बसले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, दिसायला एकदम शांत माणूस. पंगतीच्या सुरुवातीला गावातली दोन वयस्कर मंडळी, नानांच्या एका बाजूला सुपडूमामा.

पहिला टप्पा झाला. दहा पानं वाढली. चुलीशी गेलो, भगोणं भरलं. तेवढ्यात त्या दोन वयस्करांचे गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांना पानांसकट उचलून लिंबाखालच्या खाटेवर बसवलं. हे मला नंतर कळलं. मी आलो, टोकापासून दहा मोजले, अकराव्यापासून वाढत निघालो. एकदाही थांबलो नाही.

मध्येच मामा ओरडले, ओ शहान्या, मले कोन वाढीन! मामांना दम नाही. त्यांना परत जाऊन वाढलं. सिस्टीमच्या बाहेर जाऊन, पण घरचे आहेत.

नानांशी बोलायची संधी शेवटी मिळाली. मी हात जोडून विचारलं, नाना, मिळालं ना सगळं? ते म्हणाले, मियालं, मियालं. पानाकडे बघितलं तर किती स्वच्छ! मीठ, कांद्याची एक फोड, मिरची. बाकी काही नाही. भरीत-पुरी पुसून खाल्लेली. किंवा फार थोडी घेतली असणार. संयमी माणूस.

निघताना त्यांचा हात हातात घेतला तर थरथरत होता. कपाळावर घाम. भावुकही आहेत.

मामा त्यांना सोडायला गेले होते. ते सांगत होते की भुसावळच्या अलीकडे नानांनी जीप थांबवायला लावली आणि हातगाडीवाल्याकडून केळी घेतली. तिथेच उभं राहून खाल्ली, एकामागून एक. स्वतःच्या एवढ्या बागा असलेला माणूस दुसऱ्याचा माल चाखून बघतो! धंद्याचा केवढा अभ्यास.

आई दिवसभर बायकांच्या पंगतीत होती. घरी आल्यावर तिने विचारलं, नानाले काय काय वाढलं रे तू? मी म्हणालो, जे सगळ्यांना तेच. आई माझ्याकडे बघत राहिली.

२३ डिसेंबर, बुधवार

मुक्ताईनगरहून काही निरोप नाही. मोठी माणसं घाई करत नाहीत.

ओट्यावर हेमलताचा निरोप: एकतीस तारखेपासून काम सोडते आहे. दुसऱ्या कोणाची व्यवस्था करावी.

आनंदाने उभाच राहिलो. लग्नाआधी मुली नोकरी सोडतातच. तिने तारीखसुद्धा ठरवली! आईला सांगितलं. तिने देवापुढे दिवा लावला, पण चेहरा दिवा लावतानाचा नव्हता.

रिबन पाठवली. दोन पाठवल्या.

३१ डिसेंबर, गुरुवार

धुळ्याला गेलो, किल्ल्या घ्यायला. पांढरा शर्ट इस्त्री करून. हेमलताने सगळं समजावून दिलं. कुठलं मशिन अडतं, कुठला विद्यार्थी रोज उशिरा येतो. माझ्याकडे बघत नव्हती. लाजत असणार. लोटन आणि मुलांनी तिला फुलदाणी दिली. लोटन रडला. म्हणत होता, मॅडम, बठ्ठं आते कोन शिकाडी? (सगळं आता कोण शिकवणार, म्हणे.)

निघताना तिने विचारलं, टोकनची फ्लॉपी लावलीत का? मी म्हणालो, लवकरच. ती म्हणाली, लावली असती तर बरं झालं असतं, सर. मग थोडं हसली. पुढे काही चूक सांगेल म्हणून मी वाट बघितली. तिने किल्ल्या हातात दिल्या.

माझ्या प्रोग्रॅमबद्दल शेवटच्या दिवसापर्यंत आस्था. परतीच्या एस.टी.त मन कसंतरी होत होतं. गाडी फार हलते.

नवीन वर्षाचा संकल्प: पहाटे साडेपाच, मेहरूण तलाव.

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

सुपडूमामा आले. चपला न काढता ओसरीवरच बोलले. नानांनी शिरपूरचं स्थळ पक्कं केलं. मुलगा तिकडे कॉलेजात शिकवतो. नाना मामांना म्हणाले, तुमचा भाचा हुशार आहे, पन मांगच्या मानसाले इसरते. मामा मला विचारत होते, अरे काय केलं तू त्या दिवशी? मी म्हणालो, काहीही केलं नाही. हे खरंच आहे.

दुपारी क्लासला गेलो. कोणावर तरी रागवायचं होतं, कोणी सापडलं नाही. मग ड्रॉवर उघडून फ्लॉपी काढली. कुतूहल म्हणून नाही. मुलांच्या तक्रारी येत होत्या म्हणून.

टोकनवाला ओटा चालू केला. पहिल्या निरोपापासून वाचायला बसलो. दहा निरोप आले, खाली टोकन आलं. अक्षरं आणि आकडे एकत्र. टोकनात बघायचं नाही असं तिने सांगितलं होतं, पण माझा अनुभव दांडगा. एक आकडा बदलून थोडं पुढे उडी मारायला गेलो. ओटा म्हणाला: हे टोकन मी दिलेलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. माझ्याच मशिनने मला असं बोलावं!

मग निमूटपणे मिळालं तसं परत देत गेलो. दहा, मग दहा, मग दहा. काही दोनदा आलं नाही, काही गळलं नाही. लोटन किती बोलतो ते कळलं.

सतरा डिसेंबर. लोटनच्या सहा निरोपांच्या जरा आधी, खाजगी, माझ्या नावाने. महिनाभर तिथेच होता.

शालिग्रामसर, घरी आपलं चाललं आहे ते तुम्हाला माहीत आहेच. माझ्याकडून हो आहे. पण तुमचं उत्तर मला सुपडूमामांकडून नको, तुमच्याकडून हवं. दोन शब्द लिहा, पुरे. शनिवारपर्यंत वाट बघते. आणि रविवारी नानांकडे नीट लक्ष द्या. त्यांना शुगर आहे, उपाशी राहिले की हातपाय थरथरतात. ते मागून कधीच घेणार नाहीत, मागितलं तर पाहुण्याला शोभत नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांना आधी वाढा.

त्याच्या खाली रिबनचा निरोप.

त्याच्या खाली, दुसऱ्या दिवशीचं माझं उत्तर. एवढी घाई कसली. याहून महत्त्वाची कामं. ते तीनदा वाचलं. टोकन न वापरता.

मग शनिवार. ओटा कोण आलं, कोण गेलं तेही लिहून ठेवतो, आणि ते मी आजवर कधी वाचत नव्हतो. शनिवारी फक्त एवढंच होतं. हेमलता आली. हेमलता गेली. हेमलता आली. हेमलता गेली. पेजभर. मी तेव्हा मळ्यात रिकाम्या टोपल्या वाढत होतो.

फार वाईट वाटलं. इथे दुसरं कारण लिहिणार होतो, सुचलं नाही.

वाचत शेवटपर्यंत गेलो. एकतीस तारीख, हेमलता गेली. त्यानंतर लोटनचं, कोनी शे का. तेवढंच. खाली पुढचं टोकन आलं नाही. मी बराच वेळ बसून राहिलो, मशिन जुनं आहे, वेळ लागत असेल म्हणून. आलं नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

बोंडे मॅडमचा साखरपुडा, मुक्ताईनगरला. पत्रिका क्लासच्या पत्त्यावर आली होती. जाणार नव्हतो. आई म्हणाली, भरीत पार्टीले तो मानूस आला होता ना आपल्याकडे? मग चाल. गेलो. नवा शर्ट घेतला नाही. धुळे शाखा आता लोटन सांभाळतो. तोही आला होता, मला बघून म्हणाला, सर, बठ्ठं ठीक शे ना?

बोंडे मॅडम निळ्या शालूत होत्या. मी अभिनंदन केलं आणि म्हणालो, टोकन बसवलं, उत्तम चालतं. त्या थोडं हसल्या. म्हणाल्या, कधी बसवलं? मी म्हणालो, बारा जानेवारीला. मग वाचलं का सगळं, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.   मागे फोटोवाला घाई करत होता.

जेवायला पंगतीत बसलो. वाढपी भाजी-पुरी वाढत माझ्या पानापर्यंत आला आणि भांडं संपलं. भरून आणायला गेला. तेवढ्यात शिरपूरची माणसं आली, सरका सरका झालं, जागा बदलल्या. वाढपी परत आला तो माझ्या पुढच्यापासून सुरू झाला. चूक त्याची नाही. त्याच्याकडे खूण नव्हती.

हाक मारणार होतो. पण मुलीकडच्या घरी, तेही या घरी, मागून कसं घेणार? समोर मीठ, लिंबाची फोड, कांदा. आजूबाजूला सगळे जेवत होते. भूक म्हणजे किती लागावी! सकाळी निघताना आईने पोहे केले होते, ते मी रागाने खाल्ले नव्हते.

नाना पंगतीतून फिरत होते, हात जोडून एकेकाला विचारत. माझ्यासमोर आले. म्हणाले, मियालं ना सगयं?

मी म्हणालो, मिळालं, मिळालं.

नानांनी माझ्या पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, मी बी त्या दिवशी हेच म्हटलं होतं.

मग तिथून हलले नाहीत. माझ्या पानाशी उभं राहून वाढप्याला हाक मारली, की अठी ये, अठून पुढी वाढ. त्याच्या हातातली पुऱ्यांची परात घेतली आणि स्वतः वाढलं. पुरी, भाजी, वरण, वरून दोन जिलब्या. नको म्हणालो तरी तिसरी. जेवून होईपर्यंत तिथेच उभे.

जिलेबी खाताना डोळ्यांत पाणी आलं. मिरची फार होती.